सरासरी बिघडवणारी शिवकन्या

परीक्षेत नापास होण्याची कारणं दोनच आहेत. एक, येत नसणं. आणि दोन, येत नसल्याची भीती वाटणं. पहिल्या कारणावर इलाज करायचा तर शिक्षक लागतात, साहित्य लागतं, पेशंट लागतात आणि वेळ लागतो. दुसऱ्यावर इलाज करायला एक खोली आणि दोन सतरंज्या पुरतात. म्हणूनच शिक्षणक्षेत्रातले जाणकार अलीकडं दुसऱ्या कारणाकडं अधिक गांभीर्यानं बघू लागले आहेत.

नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागून, दोन ढाब्यांच्या मधे जे नर्सिंग कॉलेज आहे, तिथं हा विचार तीन वर्षांपूर्वीच पोचला. कॉलेजचं नाव लांब आहे. त्यात संस्थेच्या सचिवांचे आजोबा, वडील आणि ग्रामदैवत असे तिघं येतात. परीक्षेच्या अर्जातल्या चौकोनांत लिहिताना मुली वडिलांपर्यंत पोचतात आणि ग्रामदैवत बाहेर राहतं. तिथं जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स चालतो. कागदावर अकरा ट्यूटर आहेत. त्यातले तिघं रोज येतात. उरलेले आठ फक्त तपासणीच्या दिवशी येतात. पण तेव्हा न चुकता आणि कडक इस्त्रीत येतात, हे नमूद केलं पाहिजे.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला चाळीस मुली बसल्या आणि तेरा पास झाल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शेऱ्यात दोन वाक्यं लिहिली. पहिलं असं: 'विद्यार्थिनी साहित्य हाताळताना घाबरतात.' दुसरं असं: 'त्यांना प्रत्यक्ष सराव मिळालेला दिसत नाही.' हे दुसरं वाक्य पानाच्या मागच्या बाजूला गेलं होतं. कॉलेजात आलेला कागद उलटून बघण्याची पद्धत नाही (तशी मनाईही नाही), त्यामुळं पहिल्या वाक्यावर तातडीनं कार्यवाही सुरू झाली.

नापास झालेल्या सत्तावीस जणींत येरमाळ्याची शिवकन्या होती. परीक्षेत तिला एका आजोबांना सलाइन लावायला सांगितलं होतं. तिनं दंडाला पट्टी बांधली, शीर चाचपली, सुई उचलली आणि ती तशीच उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडं बघितलं आणि ते म्हणाले, "बाई, तुमी आधी जरा पानी प्या. म्या काय कुठं पळत न्हाय."

परीक्षक बाईंनी विचारलं, "याआधी किती जणांना टोचलंयस?"

"एका मोसंबीला, मॅडम."

"मोसंबीला?"

"व्हय मॅडम. पाण्याचं इंजेक्शन दिलं होतं. सालीतनं."

उत्तर खरं होतं आणि नेमकंही होतं. पण त्याला गुण नव्हते.

शिवकन्या हुशार होती, पण तिच्यात एक खोड होती: जे दिसलं तेच ती सांगायची. शिवाय गावाकडं तिची वेगळी अडचण झाली होती. आईनं पहिल्या वर्षीच सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं की पोरगी सिस्टर झाली. त्यामुळं सुट्टीत ती घरी आली की ओट्यावर चारपाच जण बाही वर करून बसलेले असत. "डाक्टर तेवढ्या सुईचे लई घेतो गं, तूच टोच की." ती म्हणायची, अजून शिकतेय. ते म्हणायचे, मग आमच्यावर शीक. ती मागच्या दारानं बाहेर पडून थेट येडेश्वरीच्या देवळात जाऊन बसायची. देवीला इंजेक्शन लागत नाही. आता फेरपरीक्षा सात आठवड्यांवर होती. त्यातही नापास झाली तर वर्ष जाणार होतं, आणि ओट्यावरच्या बाह्या आणखी वर्षभर तशाच राहणार होत्या.

कॉलेजनं 'परीक्षाभय निर्मूलन कक्ष' स्थापन केला. कक्षाला जागा हवी होती. वर्ग भरलेले होते. ऑफिसला हात लावता येत नव्हता. सचिव बंडप्पा अण्णांच्या केबिनमधे त्यांच्या सत्काराच्या ट्रॉफ्या होत्या. राहिली प्रात्यक्षिकाची खोली. तिथं तसंही कुणी काही करत नव्हतं. तिथला रबरी पुतळा, म्हणजे ज्याला मुली 'डमी पेशंट' म्हणतात तो, प्लास्टिकसकट उचलून स्टोअररूममधे ठेवला. सुई टोचायचा सराव करण्यासाठी तो आठ वर्षांपूर्वी आणला होता. खराब होऊ नये म्हणून त्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. दर खंडेनवमीला तेवढा तो बाहेर यायचा. इतर हत्यारांबरोबर त्यालाही हळदीकुंकू आणि झेंडूचा हार पडायचा. त्या दिवशी शस्त्राला हात लावत नाहीत, म्हणून तेव्हाही कुणी टोचायचं नाही. वर्षातल्या उरलेल्या दिवशी तो कुलपात असायचा, म्हणून तेव्हा नाही.

अशा रीतीनं, सरावाच्या अभावातून निर्माण होणाऱ्या भीतीचं निर्मूलन सरावाच्या खोलीत सुरू झालं.

कक्षाचे मार्गदर्शक म्हणून सोलापूरहून मल्लिनाथ सर यायचे. त्यांना दांडगा अनुभव होता. 'माझा ऊस कधी तुटणार' असं विचारणाऱ्या शेतकऱ्यांना रोज तोंड द्यावं लागणाऱ्या एका साखर कारखान्याच्या कर्मचाऱ्यांचा ताण त्यांनी तीन दिवसांत घालवला होता. (ऊस उभाच होता. पण कर्मचाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.)

काम शास्त्रीय पद्धतीनं चालायचं. आधी प्रत्येकीची भीती मोजली गेली. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण शंभर. 'परीक्षेच्या विचारानं पोटात गोळा येतो का? असल्यास त्याचा आकार लिंबाएवढा, मोसंबीएवढा की नारळाएवढा?' असे सूक्ष्म प्रश्न त्यात होते. तिघी गैरहजर होत्या. त्यांची भीती इतरांच्या सरासरीएवढी धरण्यात आली. सत्तावीस जणींची सरासरी ७१.४ निघाली. शिवकन्येची ४० होती. मल्लिनाथ सरांनी वर्गापुढं तिचं कौतुक केलं.

मग रोज दोन तास पुढीलप्रमाणं कार्यक्रम:

१) दीर्घ श्वास (दहा मिनिटं).
२) एकमेकींना टाळ्या देणं (दहा मिनिटं, आवाज ढाब्यापर्यंत गेला पाहिजे).
३) विनाकारण हसणं (पंधरा मिनिटं).
४) डोळे मिटून 'मला सलाइन लावता येते' हे वाक्य एकवीस वेळा म्हणणं.
५) काल्पनिक पेशंटला काल्पनिक सलाइन लावणं (उरलेला वेळ).

पाचवा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. डावा हात पेशंटचा धरायचा, उजवा सिस्टरचा. सर विचारायचे, "शीर मिळाली?" सव्वीस जणी एका सुरात म्हणायच्या, "मिळाली!"

पहिल्याच दिवशी शिवकन्या म्हणाली, "सर, मला न्हाय मिळाली."

"शोधू नकोस. मिळाली असं समज."

"समजले सर. पण सुई किती तिरकी धरायची?"

"बघा," सर इतर मुलींकडं वळून म्हणाले, "किती, कशी, कुठं. हे जे प्रश्न येतात ना मनात, हीच भीतीची लक्षणं."

मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं.

या उपायाचा गुण झपाट्यानं आला. तामलवाडीच्या तुळजाचं भयमान पहिल्या आठवड्यात ८२ होतं. तिसऱ्यात ते अकरा झालं आणि चौथ्यात शून्य. कॉलेजच्या इतिहासातलं ते पहिलं शून्य. एरवी रक्त बघितलं तरी खाली बसणारी ही मुलगी आता काल्पनिक सलाइन चाळीस सेकंदांत लावायची, तीही बोलत बोलत. तिचा फोटो फलकावर लागला. चौथ्या आठवड्याअखेर वर्गाची सरासरी ९.२ वर आली; म्हणजे भीती सत्त्याऐंशी टक्क्यांनी घटली. पटकीची लसही एवढं करत नाही.

फक्त शिवकन्येची ९३ झाली होती.

हा साधा मामला नव्हता. संस्थेनं वरच्या मंडळाला पाठवलेल्या प्रकल्पात 'अखेरची सरासरी सातच्या आत' असं लिहून दिलेलं होतं. शिवकन्येला वगळलं तर सरासरी ६.० यायची, धरलं तर ९.२. एका मुलीमुळं सव्वीस जणींच्या निर्भयतेला बट्टा लागत होता. प्राचार्य मॅडमनी तिला बोलावलं.

"अगं, सगळ्यांची उतरली, तुझीच कशी चढली?"

"मॅडम, तेव्हा परीक्षेला सात आठवडे होते. आता तीन आहेत. सलाइन अजून एकदाही लावली न्हाय."

"म्हणजे तू कक्षात नीट बसत नाहीस."

"बसते की मॅडम. रोज दोन तास बसते. म्हणून तर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्या वाईट नव्हत्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः वॉर्डात कामं केली होती. पण अकरा ट्यूटरांच्या सह्या गोळा करण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि आठ जणांच्या सह्या वेगवेगळ्या पेनांनी कराव्या लागायच्या.

बंडप्पा अण्णांनी विषयाचा निकाल लावला. त्यांनी आदेश काढला: ज्या विद्यार्थिनीचं भयमान सातपेक्षा अधिक आहे तिला हॉल तिकीट देण्यात येऊ नये, घाबरलेल्या मुलीला परीक्षेला बसवणं हे माणुसकीला धरून नाही. आदेशाची प्रत शिवकन्येला देताना ते म्हणाले, "हे तुझ्या भल्यासाठीच हाय, पोरी. आता तरी भ्यायचं सोड."

ती प्रत वाचून झाल्यावर तिचं भयमान कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर प्रपत्रात जागा पुरली नसती.

ती सरळ स्टोअरकीपर गोरोबामामांकडं गेली. "मामा, डमी पेशंट द्या. एक तास. इथंच टोचते, इथंच ठेवते."

गोरोबामामांनी किल्ल्यांचा जुडगा दाखवला. "ही बघ किल्ली. हाय. न्हाय म्हनत न्हाय. पर ती वस्तू डेडस्टॉकच्या रजिस्टरला हाय. द्यायची म्हनलं तर तीन सह्या लागत्यात. प्राचार्य, स्टोअर आन् विषयाचा ट्यूटर."

"विषयाचे ट्यूटर कोण?"

मामांनी रजिस्टर उघडून नाव वाचलं. शिवकन्येनं ते कधी ऐकलं नव्हतं.

"मामा, हे कुठं असतात?"

"आसत्यात की. तपासणीला येत्यात. परवाच्याला लई झकास जाकीट घालून आल्तं."

"मग मी सही कधी घेऊ?"

"तपासणीच्या दिवशी घे. पर त्या दिवशी डमी दाखवायला ठिवलेला आसतोय. त्याला हात लावायचा न्हाय."

शिवकन्येनं थोडा विचार केला आणि तिला कॉलेजच्या व्यवस्थेतली परिपूर्णता दिसली. कुठूनही आत जायला फट नव्हती. ती बाहेर पडली, शेअर रिक्षात बसली आणि नळदुर्गच्या स्टँडमागं एका डॉक्टरांचा छोटा दवाखाना आहे तिथं उतरली. तिथं नागम्मा अक्का तीस वर्षं सिस्टर होत्या. शिवकन्येनं सगळी हकीकत सांगितली. अक्कांनी सलाइनची बाटली टांगता टांगता ती ऐकली.

"भ्या वाटतंय?"

"लई वाटतंय, अक्का."

"चांगलं हाय, यव्वा. मला आजून वाटतंय."

"तीस वर्षांनी?"

"म्हणून तर बाटलीवरचं नाव दोनदा वाचती. एकदा डोळ्यानं, एकदा भ्यानं." अक्कांनी तिचा हात धरून पेशंटच्या मनगटाजवळ नेला. "हितं बोट ठेव. दाब. सोड. आता सांग, काय लागलं?"

"दोरीसारखं... हलतंय."

"हलू दे. तुझा हात हलतोय त्यापरीस कमीच हलतंय. खालनं धर कातडं. आता बोलू नको."

डॉक्टरांनी परवानगी दिली. रोज संध्याकाळी पाच ते सात शिवकन्या तिथं जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात ती नुसतं बघत होती, बाटलीच्या नळीतली हवा काढत होती, थेंब मोजत होती. दुसऱ्यात तिनं पहिली सुई लावली. ती शिरेबाहेर गेली, त्या बाईचा हात सुजला, आणि शिवकन्या त्या बाईपेक्षा जास्त रडली. "रडून झालं का?" अक्का म्हणाल्या, "मग तिच्या हाताला शेक दे, आन् दुसऱ्या हाताला तूच लाव." त्यानंतरच्या सतरापैकी पंधरा पहिल्याच वेळी लागल्या. हे आकडे तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. कुणीही मागितले नाहीत.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मंडळाची समिती कक्ष बघायला आली. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. आठ ट्यूटर हजर झाले. डमी पेशंट बाहेर निघाला. खंडेनवमीची हळद त्याच्या प्लास्टिकवर तशीच होती, त्यामुळं त्याला कावीळ झाल्यासारखी दिसत होती. समितीतले एक साहेब म्हणाले, "कुणीतरी सलाइन लावून दाखवा."

सव्वीस हात वर गेले. साहेब भारावले. तुळजा पुढं आली. तिनं समितीकडं बघून स्मित केलं, पट्टी बांधली नाही, नळीतली हवा काढली नाही, आणि सुई उलटी, बोटांच्या दिशेनं, प्लास्टिकच्या वरूनच, एका झटक्यात आत घातली. चाळीस सेकंद. टाळ्या झाल्या (आवाज ढाब्यापर्यंत गेला). मग साहेबांचं लक्ष हात वर न केलेल्या मुलीकडं गेलं. शिवकन्येनं आधी विचारलं, "सर, प्लास्टिक काढू का?" गोरोबामामांनी डोळे मिटले. अण्णा म्हणाले, "नको नको, राहू दे." तिनं पट्टी बांधली, शीर चाचपली, बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं. हात थरथरत होता. सुई बरोबर जागी गेली. सहा मिनिटं लागली.

समितीनं अहवालात लिहिलं: 'प्रकल्प अनुकरणीय. एका विद्यार्थिनीमध्ये भीती शिल्लक आढळली. निर्मूलन करावे.'

त्याच संध्याकाळी प्राचार्य मॅडमनी शेवटचं प्रपत्र शिवकन्येपुढं ठेवलं आणि दार लोटून घेतलं. "हे बघ. सगळीकडं शून्य लिही. हॉल तिकीट माझ्या ड्रॉवरमधे आहे."

"पण मॅडम, वाटतीय ना."

"मला दिसतंय गं. मी पण बघितलं आज, तू कशी लावलीस ते." मॅडम खिडकीतून बाहेर जाणाऱ्या ट्रककडं बघत राहिल्या. "मला काय कळत नाही का? लिही."

वॉर्डात न मोजलेल्या तापापुढं ९८.६ लिहायला मुलींना पहिल्याच वर्षी शिकवलं जातं, त्यामुळं हात अगदीच नवखा नव्हता. तरी स्वतःबद्दल खोटा आकडा लिहायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिनं वीस शून्यं काढली. सरासरी ५.८ झाली. कक्षाचं काम पूर्ण झालं.

परीक्षा झाली. या वेळच्या परीक्षकांना आत्मविश्वास आवडायचा. तुळजानं पेशंटला चार वेळा टोचलं आणि चारही वेळा तितक्याच आत्मविश्वासानं. तिला पन्नासपैकी चव्वेचाळीस पडले. शिवकन्येनं अकरा मिनिटं घेतली आणि एकदाच टोचलं. तिचा पेशंट मधेच झोपी गेला. झोपेला गुण नसल्यानं तिला सत्तावीस मिळाले. शेरा: 'काम बरे. चेहऱ्यावर काळजी.' ती पास झाली. सगळ्याच पास झाल्या. शंभर टक्के निकालाचा फलक हायवेवर लागला. येरमाळ्यात ओट्यावर बसलेल्या पाच जणांना शिवकन्येनं त्या सुट्टीत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघून इंजेक्शनं दिली. चिठ्ठी नसलेल्या आणखी दोघांना परत पाठवलं, आणि त्यांनी 'पोरगी भित्री हाय' असं गावभर सांगितलं.

कोर्स संपल्यावर तुळजा आणि शिवकन्या दोघींना शहरातल्या एकाच मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. दवाखाना आधुनिक आहे. घरी जाताना प्रत्येक पेशंटकडून अभिप्राय भरून घेतात, एक ते पाच तारे. सिस्टरांच्या ड्यूट्या त्यावरच ठरतात.

गेल्या महिन्यात ताप येऊन तुम्ही तिथं दाखल झाला होतात. पहिल्या दिवशी जी सिस्टर आली तिनं तुमचं नाव विचारलं, तुम्ही सांगितलं, मग तिनं ते पुन्हा विचारलं. बाटलीवरचं औषधाचं नाव दोनदा वाचलं. तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे का म्हणाली. सुई धरताना तिचा हात किंचित थरथरला. दुखलं नाही, पण तुम्हाला ते बघवलं नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला असल्या गोष्टी लगेच कळतात. तुम्ही अभिप्रायात एक तारा दिलात आणि खाली लिहिलंत: 'सिस्टर घाबरट वाटते. आत्मविश्वास नाही. कृपया दुसरी द्यावी.'

तुमच्या सूचनेची त्याच दिवशी दखल घेण्यात आली. शिवकन्येला वॉर्डातून काढून फायली लावायला बसवलं आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं जी सिस्टर आली, तिनं काहीच विचारलं नाही. हसत आली, चाळीस सेकंदांत लावून गेली. तिला तुम्ही पाच तारे दिलेत.

हाताची सूज आता उतरली असेल, अशी आशा आहे.